अकरा मुलांची फेरतपासणी

१

रविवारी सकाळी तुळशीबाई हंडा घेऊन ओहोळावर गेली आणि हंडा तिथेच टाकून परत आली. वसतिगृहाच्या अंगणात मुलं दात घासत होती. तिने मुलांना काही सांगितलं नाही. अधीक्षक स्टीफनसरांच्या दाराशी जाऊन ती म्हणाली, "सर, इसहाकची प्रिस्किला खाली पडलीय. थंड झालीय."

करंजपाडा हे नवापूरच्या डोंगरातलं गाव. तिथे मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी मिळते. वसतिगृहामागे ओहोळाच्या काठावर एक सपाट खडक आहे, त्याच्यावर उभं राहायचं. गाव त्याला रेंजचा दगड म्हणतं. खडकाखाली पंचवीस फूट सरळ उतार आणि तळाला दगडगोटे. प्रिस्किला त्या गोट्यांवर पडली होती. तिचा मोबाईल चार हात पुढे पाण्यात सापडला, काच फुटलेला.

दुपारपर्यंत पोलीस आले, पंचनामा झाला. उपनिरीक्षकसाहेब तरुण होते. त्यांना सगळं लगेच समजलं. प्रिस्किला गावित, वय चोवीस, वाचा आणि श्रवणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. दिल्लीच्या एका परिषदेचा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन पुरस्कार तिला जाहीर झाला होता. मग परिषदेकडे निनावी चिठ्ठी गेली, की हिची मुलं खोटी, आकडे खोटे. परिषदेने फेरतपासणी लावली. ती शनिवारी दुपारी याच वसतिगृहात झाली. जी अकरा मुलं बहिरी आहेत असं तिने लिहिलं होतं, ती अकराच्या अकरा चांगली ऐकणारी निघाली. संध्याकाळी पोरीने खडकावरून उडी टाकली.

"सरळ आहे," साहेब म्हणाले. "गोवालमामा, बुधवारपर्यंत कागद पूर्ण करा."

हवालदार गोवाल पाडवी खापरकडचे. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

सोमवारी शवविच्छेदन होऊन प्रेत आलं. जीव दिलेल्यासाठी प्रार्थना म्हणणार नाही, असं स्टीफनसरांनी सांगितलं. वसतिगृहासोबत छोट्या चर्चचं कामही तेच बघत. मग इसहाकने दोन माणसं घेऊन कुंपणाकडेच्या जागेत पोरीला पुरलं. शब्द कोणी म्हटला नाही. माती टाकून झाल्यावर तो हात न धुताच गोवालकडे आला.

"जमादार, पोरगी गेली, ते मला दिसतंय. तुम्ही एवढंच सांगा. ती खोटी होती का?"

"कागद तसं म्हणतोय."

"कागद माणूसच लिहितो ना? ती तीन वर्षं या डोंगरात पायी फिरली. तुमच्या कागदात ती खोटी राहिली, तर मी तिच्यामागे काय सांगू लोकांना?"

गोवाल त्याच्या मातीच्या हातांकडे बघत राहिले. बुधवारला दोन दिवस होते.

२

स्टीफनसर उंच, कोरडा माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पण स्वतः बसले नाहीत.

"खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "मला तिचा राग होता. मुलांचे कान वाहतात, कोणी औषध करत नाही, म्हणून ती बहिरी होताहेत, असं तिने छापलं. म्हणजे दोष कोणाचा? माझा. साठ मुलं मी दोन बायकांवर सांभाळतो. संस्था वसतिगृह बंद करायला निघाली होती."

"शनिवारी संध्याकाळी कुठे होता?"

"साडेपाचलाच लाईट गेली. सहा ते साडेसात जेवणाच्या पडवीत. साठ मुलं होती, विचारा त्यांना."

"आणि दुपारी?"

"रतिलालसर आले होते, तिचे मार्गदर्शक. परिषदेने त्यांनाच काम दिलं होतं. तिने यायचं नाही, अशी अट होती. अकरा मुलं आणि त्यांच्यात मिसळून पाच चांगली ऐकणारी, अशी सोळा तपासली. कोण कुठलं ते सरांना सांगितलेलं नव्हतं. साडेचारला सर गाडी घेऊन निघून गेले. ती आली साडेपाचला, निकाल बघायला. पिशवी इथेच ठेवून गेली; रात्री आम्हाला वाटलं घरी असेल, इसहाकला वाटलं इथे असेल."

"तपासतात कसं?"

"मूल चटईवर बसवायचं, यंत्राकडे पाठ. कानांवर ते हेडफोन. समोर जमिनीवर वाटी आणि हातात मक्याचे दाणे. मागे टेबलाशी बसलेला माणूस बटण दाबतो, कानात बारीक शिट्टी वाजते. वाजली की दाणा वाटीत टाकायचा. डोंगरातल्या मुलांना हात वर करायची लाज वाटते, म्हणून दाण्याची रीत पूर्वी रतिलालसरांनीच काढली."

जेवणाची घंटा झाली. मुलं पडवीत ओळीने बसली. गोवालनी त्या अकरांतलं एखादं मूल दाखवायला सांगितलं. स्टीफनसरांनी ओळीत शेवटी बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीकडे बोट केलं. तिचं नाव एस्तेर.

गोवाल तिच्या मागे गेले. भाताच्या पातेल्यावर त्यांनी पितळी डाव जोरात आपटला. सगळी ओळ दचकली. एका मुलाच्या हातातलं पाणी सांडलं. एस्तेर वरणात भात कालवत राहिली.

"पोरगी धीट आहे," स्टीफनसर म्हणाले.

"धीट नाही, सर. तिला ऐकू येत नाही."

"मग शनिवारी वाटीत दाणे कोणी टाकले? चाळीस शिट्ट्या, चाळीस दाणे. मी दारात उभा होतो, जमादार. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

त्यांच्या बोलण्यात खोट दिसत नव्हती. गोवालनी प्रिस्किलाची पिशवी मागितली. तिच्यात फेरतपासणीच्या कागदांची नक्कल आणि एक वही होती. शेवटच्या पानावर शनिवारची तारीख घालून दोन ओळी लिहिल्या होत्या.

"ऐकणारी पाच मुलं चुकली, काही शिट्ट्या त्यांना कळल्या नाहीत. न ऐकणारी अकरा एकदाही चुकली नाहीत. असं कसं?"

आणि त्याच्याखाली घाईघाईने लिहिलेलं: "दुपारी तीनला ऊन कुठे असतं?"

३

निनावी चिठ्ठी टपालाने गेली होती, शिक्का शहाद्याचा. प्रिस्किलाच्या वर्गात शहाद्याकडचा एकच मुलगा होता, कळसाडीचा धर्मेंद्र. पुरस्कारात त्याचा दुसरा नंबर होता.

मंगळवारी सकाळी तो शेतात सापडला. उसाला तोड लागली होती. गोवालना बघून तो बांधावर येऊन बसला. गोवालची तीस वर्षं सपाटीवर नोकरीत गेली होती, अहिराणी त्यांना घरच्यासारखी होती.

"चिठ्ठी तू धाडी?"

"मीच धाडी, जमादार. काय लपाडू आते."

"काबर?"

"मन्हा बाप गावभर सांगी ऱ्हायंता, पोऱ्याले दिल्लीनं इनाम भेटी ऱ्हायनं. अन् ती पयली उनी."

"मंग, भेटनं का इनाम?"

धर्मेंद्रने मान खाली घातली. "नका बोलू तसं, जमादार. पोरगी मरी गई."

"तिनं खोटं लिखेल व्हतं, हाई तुले कसं माहीत?"

"माहीत नव्हतं. पन रतिलालसरनी मोठी पाहणी शे ना, बावीस वरीस पहिलेनी. तीन हजार पोरं तपासेल शेतस. या डोंगरमा बहिरेपण नही, असं तठे लिखेल शे. आम्ही तेच शिकनूत. मंग हिले अकरा कशा भेटन्यात? माले वाटनं, इनामसाठे कया तिनं."

"शनिवारे संध्याकाळले कोठे व्हता?"

"आठेच. तोडवाला मजूर उना व्हतात, ट्रक भरी ऱ्हायंतूत. नऊ वाजनात. मुकादमले इचारा."

मुकादम जवळच होता. त्याने मान डोलावली.

गोवाल उठले. धर्मेंद्र मागून म्हणाला, "जमादार, एक सांगस. गये साल तिनं माले तिन्ही वही दखाडी व्हती. पोर ऐकस का नही, हाई पाव्हाले ती यकयक पोरले तीन-तीन येळा तपासे. खोटं करनारा इतला कष्ट कसाले करी? हाई माले तवय समजाले पाहिजे व्हतं."

शहाद्याच्या स्टँडवर गोवालना साहेबांचा फोन आला. मोबाईल कंपनीची यादी आली होती. शनिवारी प्रिस्किलाने एकच फोन केला होता, संध्याकाळी पाच पन्नासला. अकरा मिनिटं बोलणं झालं होतं. नंबर रतिलाल चौधरींचा होता.

४

रतिलालसरांचं घर नंदुरबारच्या जुन्या कॉलनीत. दिवाणखाना स्वच्छ होता. सर पन्नाशीच्या थोडे आत, आवाज मऊ. त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं.

"फोन आला होता," विचारण्याआधीच ते म्हणाले. "मी तेव्हा नवापूरच्या जवळ होतो. रडत होती. सर, मी आता कोणाला तोंड दाखवू, असं म्हणत होती. मी समजावलं. अकरा मिनिटं समजावलं, जमादार. मागे फिरायला हवं होतं. फिरलो नाही. हे ओझं मला आयुष्यभर राहील."

"घरी कधी पोचलात?"

"नऊ वाजून गेले. विसरवाडीला चहाला थांबलो. मन लागत नव्हतं."

"तिचा निबंध तुम्ही वाचला होता?"

"विद्यार्थी लिहितात, आपण सही करतो." ते किंचित हसले. "एवढं धाडस करेल असं वाटलं नव्हतं."

"तपासणीत तुमच्याकडून काही चूक?"

"प्रश्न बरोबर आहे तुमचा. टेबल आतल्या भिंतीशी, मुलाची पाठ माझ्याकडे. मूल मला बघू शकत नाही. वीस वर्षं मी हेच शिकवतोय."

गोवालचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे चौकटीत एक मानपत्र होतं. तोच पुरस्कार, त्याच परिषदेचा, बावीस वर्षांपूर्वीचा. मानपत्राशेजारी फोटो. कुठल्यातरी शाळेचा ओटा, ओट्यावर टेबल, टेबलाशी तरुण रतिलाल. पुढे चटईवर एक मुलगा पाठमोरा बसलेला, समोर वाटी. मान खाली.

"हा तुम्ही?"

"हो. मीही तेव्हा विद्यार्थीच होतो. शाळांत लाईट नसायची. उजेडासाठी ओट्यावर, नाहीतर खिडकीशी बसायचो. तीन हजार मुलं केली. त्या पाहणीवर सरकारने ठरवलं, की या भागात कानाच्या दवाखान्याची गरज नाही. तो पैसा दुसरीकडे कामी आला."

गोवाल फोटोच्या अगदी जवळ गेले. ऊन तिरपं होतं. टेबलाची सावली ओट्यावर लांब पडली होती, आणि तिच्यात माणसाचा हात स्पष्ट दिसत होता, बटणावरच्या बोटासकट. त्या हाताची सावली वाटीला टेकली होती.

"चांगला फोटो आहे," गोवाल म्हणाले. "सर, उद्या दुपारी करंजपाड्याला याल? साहेबांना कागद पुरा करायचाय. तपासणी कशी झाली ते एकदा दाखवा, म्हणजे सुटलो."

"अवश्य," रतिलालसर म्हणाले. "इसहाकलाही भेटेन. गरीब माणूस."

५

बुधवारी सकाळी गोवाल थेट स्वयंपाकघरात गेले. तुळशीबाई चुलीपुढे बसली होती.

"तुळशीबाई, शनिवारी तपासणी झाली ती खोली कुठली?"

"प्रार्थनेची. तीच एक मातीची राहिलीय. बाकी सगळीकडे फरशी."

"खिडकी कुठल्या बाजूला?"

"सूर्य बुडतो तिकडे."

"टेबल कुठे होतं?"

"खिडकीशी. त्या सरांनीच ओढून घेतलं. उजेड पाहिजे म्हणाले."

"ते भिंतीशी होतं म्हणतात."

तुळशीबाईने फुंकणी खाली ठेवली. "आता आहे भिंतीशी. तेव्हा नव्हतं. दर शनिवारी पाचला मी ती खोली सारवते. रविवारी प्रार्थना असते ना, मुलं खाली बसतात. त्या शनिवारीही सारवली. टेबल जड, एकटीने हलेना. म्हणून त्याचे पाय सोडून भोवतीने हात फिरवला. मग प्रिस्किला आली. दारातच उभी राहिली, ओल्यावर पाय नाही टाकला तिने. मला म्हणाली, मावशी, दिवसभर टेबल इथेच होतं का? म्हटलं, हो. मग खिडकीकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, आणि हसली. मोबाईलवर फोटो काढला. म्हणाली, मावशी, सोमवारपर्यंत या टेबलाला कोणाला हात लावू देऊ नकोस. आणि दगडाकडे पळत गेली."

"हसली?"

"अशी हसली, की मला वाटलं लग्न ठरलं."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"मला कोणी विचारलं, दादा? साहेबांनी विचारलं, प्रेत कोणी बघितलं. मी म्हटलं, मी."

"आणि रविवारी सकाळी?"

"उठून आधी खोली बघितली. माझ्या सारवणाची माती केली होती कोणीतरी. टेबल ओढून भिंतीशी नेलेलं, आणि बुटाचे ठसे. मला एवढा राग आला. आमच्यातलं लहान पोर पण त्या खोलीत चपला घालून जात नाही. शिव्या देत हंडा घेऊन निघाले, आणि मग पुढे ते दिसलं. त्यानंतर प्रार्थना झालीच नाही. स्टीफनसरांनी खोलीला कुलूप लावलं."

गोवालनी कुलूप उघडायला लावलं. साहेब रविवारी दारातूनच बघून गेले होते. जमीन वाळून भेगाळली होती, पण जशीच्या तशी होती. खिडकीशी चार चौकोन कोरे राहिले होते, टेबलाच्या पायांएवढे. तिथून आतल्या भिंतीपर्यंत ओल्या सारवणात ओढल्याच्या चार रेघा. रेघांशेजारी बुटांचे ठसे, खोल आणि घाईचे.

ते उंबऱ्यात बसले. शनिवारी पाचनंतर कोणीतरी इथे आलं होतं, सारवण वाळायच्या आत. वसतिगृहातलं कोणी असतं तर अनवाणी आलं असतं. शिवाय त्यांच्या लेखी टेबल म्हणजे टेबल, ते इथे असलं काय आणि तिथे असलं काय. धर्मेंद्रला त्यातलं कळलं असतं, पण त्याने ही खोली बघितलेली नव्हती आणि तो उसात होता. टेबल खिडकीशी राहिलं तर काय उघडं पडेल हे जाणणारी दोनच माणसं होती. एक प्रिस्किला. दुसरा तो, ज्याला तिने फोनवर ते सांगितलं.

बाहेर गाडीचा आवाज आला.

६

दुपारचे तीन वाजले होते. खोलीत साहेब होते, स्टीफनसर होते, दाराशी तुळशीबाई आणि इसहाक. टेबल भिंतीशीच होतं. ठशांवरून पाय पडू नये म्हणून गोवालनी सगळ्यांना कडेने उभं केलं होतं. रतिलालसरांनी जमिनीकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

एस्तेरला चटईवर बसवलं. हेडफोन घातले. सरांनी बटण दाबायला सुरुवात केली. दहा शिट्ट्या झाल्या. वाटी रिकामी.

"घाबरलीय," सर म्हणाले. "इतकी माणसं आहेत."

"असेल," गोवाल म्हणाले. स्टीफनसरांच्या मदतीने त्यांनी टेबल उचललं आणि खिडकीशी नेऊन ठेवलं. चारी पाय चारी कोऱ्या चौकोनांत बसले. चटई टेबलापुढे घातली, मुलीची पाठ टेबलाकडे. खिडकीतून तिरपं ऊन आत येत होतं. टेबलाची सावली मुलीच्या शेजारून पुढे गेली होती, वाटीपर्यंत.

"सर, बसा."

"याची गरज काय आहे?"

"बसा," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला होता.

सरांनी बटण दाबलं. दाणा पडला. पुन्हा दाबलं. दाणा पडला. दहाला दहा दाणे पडले. एस्तेर मान खाली घालून वाटीकडे बघत होती. वाटीजवळच्या सावलीतलं बोट हललं, की तिचं बोट हलत होतं.

गोवाल पुढे झाले आणि यंत्राची वायर काढली. लाल दिवा विझला.

"आता मी दाबतो," ते म्हणाले.

यंत्र मेलेलं होतं. गोवालनी बटणावर बोट टेकवलं. वाटीत दाणा पडला. त्यांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा पडला. 

"ऐकणारी मुलं शिट्टी पकडायला डोळे मिटून बसली असणार," गोवाल म्हणाले. "बारीक शिट्टी कधी कळते, कधी नाही. ती चुकली. या अकरांना कानाचा उपयोग नाही, ती जन्मभर डोळ्यांनीच काम भागवतात. ती चुकली नाहीत. प्रिस्किलाला हेच उमगलं. सर, शनिवारी दुपारी हे तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी मानतो. ती चूक होती. फोन आला तेव्हा कळलं. मग तुम्ही मागे फिरलात, कारण टेबल अजून जागेवर होतं. तुमचं टेबल भिंतीशी होतं, असं काल तुम्ही मला सांगितलं. ते भिंतीशी गेलं पाचनंतर. हे बूट तुमचे नसतील, तर पायातला काढून ठशावर ठेवा."

रतिलालसरांनी बूट काढला नाही. 

"ती रागावलेली नव्हती," ते म्हणाले. "खूश होती. सर, तुमची चूक नाही, उन्हाची चूक आहे, असं म्हणाली. सोमवारी परिषदेला फोटो पाठवू, पुन्हा तपासू. मी म्हटलं, ठीक. फोन ठेवता ठेवता म्हणाली, सर, तुमच्या घरातल्या फोटोतही अशीच सावली आहे. त्या तीन हजार मुलांनाही पुन्हा बघायला हवं."

"मग?"

"ती मुलं आता तीस-तीस वर्षांची आहेत. कोणाकोणाला बघणार? मी तिला दगडावर थांबायला सांगितलं. गाडी वळणावर ठेवून चालत आलो. मला फक्त मोबाईल पाहिजे होता. तिने दिला नाही. मी हात धरला, तिने ओढला."

"आणि ती खाली गेली."

"हो."

"खालून आवाज येत होता?"

रतिलालसर यंत्राची सुटलेली वायर गुंडाळू लागले.

"तुमचा धंदा कानाचा आहे, सर. आवाज येत होता का?"

"येत होता."

"तेव्हा तुम्ही टेबल हलवायला आलात."

त्यांनी मान डोलावली. दाराशी इसहाक उभा होता. तो पुढे आला नाही, ओरडलाही नाही. त्याने चौकट दोन्ही हातांनी धरली होती. तुळशीबाईने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला बाहेर नेलं. एस्तेरला काहीच कळलं नव्हतं. तिच्या मुठीत तीन दाणे उरले होते आणि ती गोवालच्या हाताकडे बघत वाट पाहत होती.

७

परिषदेचं पत्र दहा दिवसांनी आलं. पुरस्कार कायम. समारंभाला वडिलांनी यावं, अशी विनंती. इसहाकने ते गोवालकडून दोनदा वाचून घेतलं.

"मी दिल्लीला जाऊन काय करू?" तो म्हणाला. "मला इथेच पाहिजे. ज्याने प्रार्थना म्हटली नाही, त्याने इथे येऊन सांगावं, ती खरी होती म्हणून."

रविवारी वसतिगृहाची साठही मुलं कुंपणाकडे आली. पाड्यावरची माणसं आली. भातकापणी चालू होती, तरी आली. स्टीफनसर थडग्यापाशी उभे राहिले. दोन आठवड्यांत ते म्हातारे दिसू लागले होते. त्यांनी पुस्तक उघडलं आणि मिटलं.

"प्रार्थना मी म्हणेन," ते म्हणाले. "पण आधी ही यादी वाचतो. ही तिने केली. माझ्या घरातल्या मुलांची आहे. मी तिला खोटं म्हटलं होतं."

त्यांनी पहिलं नाव वाचलं, "जान्या वसावे."

कोणी हललं नाही. मग शेजारच्या मुलाने जान्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्याने वर बघितलं.

"आमशा गावित."

पुन्हा कोणी हललं नाही. पुन्हा शेजारच्याने हात लावला.

स्टीफनसर थांबून थांबून वाचत होते. मोठ्याने वाचत होते, ओहोळापलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने. एकेक नाव रानात जात होतं, आणि ज्याचं ते नाव, ते मूल समोरच्या मातीकडे बघत उभं असायचं, कोणी खांद्याला हात लावेपर्यंत. सहाव्या-सातव्या नावापासून गर्दीतल्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हे तपासायला यंत्र लागत नव्हतं. इतकी वर्षं हे त्यांच्याच अंगणात होतं.

अकरावं नाव एस्तेरचं होतं. ती ओळीपासून थोडी दूर एकटीच उभी होती, हात लावायला शेजारी कोणी नव्हतं. स्टीफनसरांनी नाव दुसऱ्यांदा घेतलं. मग इसहाक थडग्यापासून उठला, चालत तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या समोर जाऊन बसला, तिला त्याचं तोंड दिसेल असा.